धक्का मारायला माणसं हवीत

मोटारसायकलींच्या मी दोनच जाती मानतो : बंद पडणाऱ्या आणि बंद न पडणाऱ्या. कंपनी कुठली, इंजिन किती सीसीचं, टाकी लाल की काळी, हे सगळं नंतरचं. बंद पडणाऱ्या गाडीच्या मालकाला मित्र असतात, कारण ते त्याला लागतातच. बंद न पडणाऱ्या गाडीच्या मालकाला मित्र नसतात असं मी म्हणणार नाही. पण असले तर ते गाडीमुळे नसतात. हा सिद्धान्त मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. कार्टर रोड जिथे संपतो आणि खारदांड्याच्या कोळीवाड्यातला वाळत्या बोंबलांचा वास जिथे सुरू होतो, तिथल्या एका चहाच्या टपरीसमोर तीसेक वर्षं दर रविवारी उभं राहून तो मी शिकलो.

आमचा तिथे एक क्लब होता. क्लब हा शब्द तसा मोठा झाला. त्याला नाव नव्हतं, नोंदणी नव्हती, छाती-पाठीवर चिन्हं छापलेले टी-शर्ट तर नव्हतेच. कोळीवाड्यातली पोरं आम्हाला ‘येझदीवाले’ म्हणत, तेच नाव. १९८६ साली सुरुवातीला सहा जण होतो. एक दंतवैद्य, दोघं पश्चिम रेल्वेतले, एक विमा कंपनीतला, मी बँकेतला आणि दांड्यातलाच एक कोळी मित्र, जो होड्यांची डिझेल इंजिनं खोलायचा आणि जोडायचा. पुढे माणसं वाढली. चुईमहून एक-दोघं यायला लागले, मग सांताक्रूझ, पार्ले, अंधेरी. सभासदत्वाची अट एकच होती. रविवारी सकाळी साडेसहाला टपरीवर यायचं. गाडी चालू असेल तर गाडीवर बसून, नसेल तर ती ढकलत.

मी बँकेतला माणूस. चार माणसं नियमानं एकत्र जमली की त्यांचं रजिस्टर असायलाच हवं, हा आमचा संस्कार. तेव्हा पुठ्ठ्याच्या बांधणीचं एक जाडजूड रजिस्टर आणून मी त्यात रकाने आखले : तारीख, नाव, गाडीचा नंबर, सही आणि शेवटी ‘शेरा’. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं हे ठरवलेलं नव्हतं. ते आपोआप ठरलं. ‘क्लच केबल तुटली.’ ‘प्लग शॉर्ट, मनोरजवळ.’ ‘पेट्रोल संपले.’ त्याच्याखाली, त्याच नावापुढे, पुढच्या रविवारी : ‘पेट्रोल पुन्हा संपले.’ माझ्या सगळ्या कादंबऱ्यांपेक्षा हे रजिस्टर वाचनीय आहे असं आमच्या सौ.चं स्पष्ट मत आहे, आणि तिने दोन्ही वाचलेलं असल्यामुळे मला वाद घालता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात कपाट आवरताना ती चार रजिस्टरं खाली काढली आणि एक दुपार त्यांच्यात गेली. पहिल्या दोन वह्यांत पानं भरून वाहतायत. तिसरीत एकेका रविवारला सात-आठ नावं. चौथीत चार, तीन, कधी दोन. मग नुसत्या तारखा. हे सगळं मला ठाऊकच होतं. आपलं घर रिकामं होताना माणसाला दिसतंच. मला ठाऊक नव्हती ती दुसरी गोष्ट. पानं उलटताना लक्षात आलं की शेऱ्याचा रकाना आधी रिकामा झाला होता. नावांचा नंतर.

हे नीट समजायला येझदी म्हणजे काय चीज होती ते थोडं सांगायला हवं. तरुण वाचकांना कंटाळा आला तर त्यांनी पुढच्या परिच्छेदाला उडी मारावी. जावा ही मूळची चेकोस्लोव्हाकियातली गाडी. यानेचेक नावाच्या उद्योजकानं १९२९ साली वांडरर कंपनीचं मोटारसायकलचं काम घेतलं आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून ‘जावा’ झालं. आपल्याकडे इराणी मंडळींनी आयडियल जावा ही कंपनी काढून म्हैसूरला कारखाना घातला, तो १९६१ साली सुरू झाला. १९७३ पासून ती गाडी येझदी या नावाने विकली जाऊ लागली. इराणातल्या यझ्द शहरावरून हे नाव घेतलं असं सांगतात. अडीचशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, दोन्ही अंगांना एकेक सायलेन्सर, आणि गंमत म्हणजे किक मारायची दांडी तीच पुढे वळवली की गिअरची दांडी. नवख्या माणसाला गाडी दिली की तो आधी किक शोधायचा आणि मग गिअर शोधायचा. आम्ही चहा पीत बघत राहायचो.

पण ही गाडी म्हणजे एक लहान मूल होतं. पेट्रोलमध्ये तेल आपल्या हातानं मोजून मिसळायचं. तेल कमी पडलं तर पिस्टन जाम, जास्त झालं तर प्लगच्या दोन टोकांमध्ये काजळी साचून ठिणगीच बंद. पॉइंटमधली फट बिघडली की गाडी उलट खोकायची. सायलेन्सरमध्ये काजळी धरली की तो काढून जाळायचा. त्यातून आमची दांड्याची खारी हवा. क्रोमचं पाणी असलेली रिम इथे दोन पावसाळे टिकली तर नशीब. स्पोक गंजायचे, केबलीत मीठ बसायचं. समुद्राला लागून राहण्याची हौस आम्ही अशी व्याजासकट फेडत होतो.

आणि तरीही गाडी घेतली ती हौसेनंच. तो काळ असा की बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत. भांडुपच्या ए.पी.आय. कारखान्यातून निघालेल्या लॅम्ब्रेटा रस्त्यावर म्हाताऱ्या झाल्या होत्या. येझदी मात्र मिळायची. माझी रोडकिंग मी १९८५ मध्ये स्टाफ लोन काढून घेतली. त्या कर्जाचा हप्ता आणि मिस्त्रीचा महिन्याचा खर्च यांत कोण मोठा, याची शर्यत बरीच वर्षं चालली.

आता बघा, अशी गाडी असलेला माणूस एकटा कसा राहणार? कसाऱ्याच्या घाटात चेन तुटली तर जोडलेली कडी कुणाकडे आहे? चारोटी नाक्याच्या अलीकडे अंधारात प्लग गेला तर बॅटरी कोण धरणार? (आमच्या गाड्यांचे दिवे काजव्यांशी स्पर्धा करणारे, त्यांच्या उजेडात फक्त दिवाच दिसायचा.) म्हणून आम्ही कधी एकटे गेलो नाही. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खंडाळ्याला निघालो की पळस्पे फाट्यावर ‘दत्त’मध्ये वडा आणि कोथिंबीर वडी व्हायची, आणि तिथे गाड्यांची तपासणी. कुणाच्या पिशवीत केबल, कुणाकडे ट्यूब, दंतवैद्यांकडे दात कोरायचा एक चिमटा होता. कार्बोरेटरचं जेट साफ करायला त्यासारखं हत्यार नाही. त्यांनी तो पुन्हा दवाखान्यात वापरला का, हे आम्ही त्यांना विचारलं नाही.

१९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद झाला. वाटलं, संपलं सगळं. झालं उलटंच. कंपनी गेली, सुटे भाग मिळेनात, आणि येझदीवाले अनाथाश्रमातल्या पोरांसारखे एकमेकांना धरून राहायला लागले. आमच्या रजिस्टरचं दुसरं पुस्तक याच काळातलं आणि तेच सगळ्यांत जाड. कुणी कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर चक्कर टाकायचं, कुणी चोरबाजारात, पुण्याला नातेवाइकाकडे गेलेला माणूस तिथल्या जुन्या बाजारातून एखादं गिअरचं चाक खिशात घालून आणायचा. गणपतीचा प्रसाद वाटावा तसे ते भाग टपरीवर वाटले जायचे. हे फक्त आमच्यातच नव्हतं. बंगळुरूला, म्हैसूरला, पुण्याला, केरळात जावा-येझदीवाल्यांचे गट जोरात आले ते कारखाना बंद झाल्यानंतरच. जुलै महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी जावा दिवस साजरा करायची प्रथा पडली तीही नव्या शतकात. म्हणजे कंपनी मेल्यावर क्लब जन्मले. बुलेटचंही जवळपास तेच. सन २००० च्या सुमारास रॉयल एनफिल्ड महिन्याला जेमतेम दोन हजार गाड्या विकत होती आणि मोटारसायकलचा धंदा बंद करावा असं मालकांच्या कंपनीत बोललं जात होतं. इंजिनमधून तेल गळायचं, गिअर उजव्या पायाला, किक उलटी मारली तर घोट्याचा निकाल. त्या पडत्या काळात देशभर बुलेटवाल्यांचे क्लब उभे राहिले. गोव्यातला ‘रायडर मेनिया’ हा मेळा त्या क्लबांमधूनच आला.

आमच्या क्लबची शर्थ झाली ती २००५ मध्ये. २६ जुलै. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि आमचं खार-सांताक्रूझ म्हणजे त्या मोजपट्टीचं तळ. तो मंगळवार होता. पाणी ओसरलं तेव्हा गल्लोगल्ली दुचाक्या आडव्या पडलेल्या, सीटपर्यंत गाळ. गॅरेजवाल्यांच्या स्वतःच्या टपऱ्या वाहून गेलेल्या. पुढच्या रविवारी, ३१ तारखेला, मी टपरीवर पोचलो तर आमच्या गाड्यांच्या मागे एक रांग होती. स्प्लेंडर, ॲक्टिव्हा, चेतक, सनी, ज्याची जी असेल ती. ढकलत आणलेल्या. कोळी मित्रानं त्याच्या वहिनीच्या दारातला, मासळी धुवायचा मोठा पाण्याचा पिंप मधोमध आणून ठेवला आणि आम्ही कामाला लागलो.

प्लग काढायचा, गाडी आडवी करून सायलेन्सरमधलं पाणी ओतायचं, मग प्लगशिवायच किक मारत राहायचं, म्हणजे सिलिंडरमधलं पाणी चुळ भरल्यासारखं बाहेर. खालचा नट काढला की दूध घातलेल्या चहासारखं तेल बाहेर येई. ते पुरतं काढून नवीन घालायचं. कार्बोरेटर खोलून वाळवायचा. टाकीतलं पेट्रोल काढून फडक्यातून गाळायचं. दंतवैद्य, विमावाले, रेल्वेवाले सगळे कोपरापर्यंत काळे. माझ्या बँकेच्या शाखेतलीच एक मुलगी आपली स्कूटी घेऊन आली आणि मला त्या अवतारात बघून ‘सर, तुम्ही?’ म्हणाली, तो क्षण मला पदोन्नतीपेक्षा प्रिय आहे. तीन रविवार हे चाललं. रजिस्टरमध्ये सभासदांच्या सह्यांखाली अनोळखी माणसांच्या सह्यांची सहा पानं आहेत आणि सगळ्यांपुढे शेरा एकच : ‘चालू झाली.’

त्यानंतर मात्र शेऱ्याचा रकाना विरळ होत गेला. आपल्या गाड्या सुधारल्या. १९८५ मध्ये आलेल्या हिरो होंडाच्या सीडी १०० ने लोकांना शिकवलं होतं की मोटारसायकल रोज सकाळी पहिल्या किकला सुरू होऊ शकते. ते आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. बटन दाबलं की चालू. एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचे नियम आले आणि नव्या गाड्यांमधून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. पेट्रोल किती सोडायचं हे आता गाडीतला संगणक ठरवतो. बिघाड झालाच तर मिस्त्री आधी गाडीला यंत्र जोडतो आणि पडद्यावर आकडा वाचतो. दंतवैद्यांचा चिमटा इथे काय करणार? आमच्यातले निम्मे लोक एकेक करून अशा गाड्यांवर गेले. त्यात वाईट काय? गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसानं येझदीची किक मारत बसावं असं कुठल्या शास्त्रात सांगितलंय? पण नव्या गाडीवर आलेला माणूस रविवारी टपरीवर येऊन उभा राहिला की त्याच्या हातांना काम नसे. तो चहा प्यायचा, घड्याळ बघायचा. दोन-तीन महिन्यांनी यायचा बंद व्हायचा. कुणाशी भांडून नव्हे. त्याला यायचं कारण उरलेलं नसे.

वाट ठाऊक असलेला माणूस हाही पूर्वी लागायचा. माळशेजला जाताना टोकावड्याच्या पुढे कुठे पेट्रोल मिळतं, वाड्याहून कुठला रस्ता खड्ड्यांचा, हे आमच्यातल्या एका रेल्वेवाल्यांना तोंडपाठ होतं आणि त्यामुळे त्यांना मान होता. आता नकाशा खिशात असतो आणि तो बाईच्या आवाजात बोलतो. पोरं विमानानं लेहला उतरतात, तिथे भाड्यानं बुलेट घेतात, खार्दुंगला बघून परत येतात. माझा पुतण्याच गेला होता. ‘कोणाबरोबर?’ विचारलं तर म्हणाला, ‘एकटाच, काका. तिथे भेटतात लोक.’ भेटतात हे खरंच असेल.

आणि रस्त्यांचं काय सांगावं! मुंबईकर दुचाकीस्वाराची एक व्यथा चारचाकीवाल्यांना कधी कळणार नाही. गेल्या पंचवीस वर्षांत या शहरात आणि शहराबाहेर जे जे देखणे रस्ते झाले, ते जवळपास सगळे आम्हाला बंद. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकी नाही. २००९ चा वांद्रे-वरळी सागरी सेतू, तिथे नाही. २०१३ चा पूर्व मुक्त मार्ग, नाही. २०२४ मध्ये अटल सेतू झाला, त्यावर नाही. त्याच वर्षी सागरी किनारा मार्ग खुला झाला, त्यावरही नाही. वेग आणि वारा यांचा हिशेब मला समजतो, नियम मूर्खपणाचा आहे असं मी म्हणत नाही. पण परिणाम असा की आमच्या वाट्याला पश्चिम द्रुतगती महामार्गावरची गर्दी उरली, आणि कोकणात जायचं तर २०११ पासून रुंदीकरणाखाली खणून ठेवलेला गोवा महामार्ग. पूर्वी साडेसहाला निघालो की नऊला वज्रेश्वरीला कुंडात पाय सोडून बसायचो. आता घोडबंदर ओलांडेपर्यंतच कमरेचा मणका आपलं अस्तित्व दाखवतो.

या सगळ्याचा विचार करताना मला अमेरिकेतल्या रॉबर्ट पुटनम या प्राध्यापकांचं पुस्तक आठवलं. त्यांनी २००० साली ते लिहिलं, त्याआधी १९९५ मध्ये त्याच विषयावर लेख. विषय काय, तर बोलिंग. लाकडी पट्टीवरून चेंडू घरंगळत नेऊन खुंट्या पाडायचा खेळ. त्यांनी आकडे मांडले : १९८० ते १९९३ या काळात बोलिंग खेळणाऱ्या अमेरिकनांची संख्या दहा टक्क्यांनी वाढली, आणि संघ करून, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या माणसांबरोबर खेळणं मात्र चाळीस टक्क्यांनी घटलं. खेळ वाढला, मंडळी घटली. अमेरिकेचं अमेरिकेपाशी, पण बघा, आपल्याकडे २०१८-१९ या एका वर्षात दोन कोटींहून जास्त दुचाक्या विकल्या गेल्या. मरायला टेकलेल्या रॉयल एनफिल्डनं २०२४-२५ मध्ये वर्षाला दहा लाखांचा टप्पा ओलांडला. जावा २०१८ मध्ये नव्यानं बाजारात आली, येझदी २०२२ मध्ये. कार्टर रोडवर रविवारी सकाळी जितक्या जाड चाकांच्या गाड्या आज दिसतात तितक्या मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. आणि आमची टपरी रिकामी.

मेळे आजही होतात, आणि आमच्यापेक्षा शंभरपट मोठे. गोव्याला वागातोरला नोव्हेंबरात बुलेटवाल्यांचा जो उत्सव कंपनी भरवते त्याचं नाव २०२३ पासून ‘मोटोव्हर्स’ झालं. मैदान, मंच, संगीत, शर्यती, खाण्याचे स्टॉल. मी एकदा जाऊन आलो. व्यवस्था चोख. तिकीट काढायचं, मनगटाला पट्टी बांधून घ्यायची आणि आत जायचं. तिथे मी गिऱ्हाईक होतो, आणि गिऱ्हाईक म्हणून माझं काहीही कमी पडू दिलं नाही. पण मी गेलो नसतो तर कुणाचं काही अडलं नसतं. टपरीवर मी गेलो नाही तर रजिस्टर उघडायचं कुणी, इथपासून अडायचं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या क्लबला एक मागची सीट होती. म्हणजे सौभाग्यवती. वर्षातून चार-पाच सहलींना त्या बरोबर असत, आणि आमच्या गाड्या रस्त्याकडेला खोललेल्या असताना झाडाखाली डबे उघडून बसत. तिथे त्यांनी १९९१ मध्ये एक भिशी सुरू केली. ती आजही चालू आहे! दर महिन्याला, न चुकता. एक नवऱ्यामागे पुण्याला मुलीकडे राहायला गेली, ती डेक्कन क्वीननं येते. मी सौ.ला विचारलं, तुमचं कसं टिकलं? ती म्हणाली, ‘भिशीला दांडी मारली तर माझा नंबर कुणाला जाईल? आणि मी नाही गेले तर ज्याचा नंबर आहे तिचे पैसे कमी पडतात. तुमच्याकडे न येणाऱ्यामुळे कुणाचं काय कमी पडत होतं?’ बत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला हे घरी ऐकावं लागलं.

कोळी मित्रानं तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. पावसाळ्यात दोन महिने मासेमारी बंद असते, जून आणि जुलै. त्याआधी होड्या वर ओढून घ्याव्या लागतात. त्याच्या लहानपणी पाड्यातला प्रत्येक पुरुष त्या दिवशी किनाऱ्यावर. दोरखंडाला हात लावायचा, हाळी द्यायची, आणि एकाची झाली की दुसऱ्याची. ज्यानं आपल्या होडीला हात लावला त्याच्याशी वर्षभर भांडता यायचं नाही. फार तर कुरकुर. आता बऱ्याच ठिकाणी क्रेन येते. ‘क्रेनचं बरंच हाय, साहेब,’ तो म्हणाला, ‘कंबर वाचते. पण क्रेनवाल्याला पैसे दिले का संपलं. आता शेजारच्याची होरी कवा वर आली ते बी मला ठाव नाय.’ समोर समुद्रात वांद्रे-वर्सोवा सेतूचं काम चाललेलं असतं. तिकडे बघत तो विडी ओढत राहिला. त्या सेतूबद्दलही त्याला बरंच बोलायचं असतं, पण तो वेगळा लेख.

आता ज्या कारणासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो. वाट ठाऊक असलेले ते रेल्वेवाले, त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. खारला एका जुन्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एकटे राहत. रजिस्टरच्या पहिल्या दोन वह्यांत त्यांची सही नाही असा रविवार शोधावा लागतो. १९९४ मध्ये एकदा पावणेसात झाले तरी ते आले नाहीत. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. दोघं जण उठले, गाडीला किक मारून त्यांच्या घरी गेले. दार आतून नुसतं लोटलेलं, आणि हे मलेरियाच्या तापात, दोन दिवस पोटात अन्न नाही. रिक्षात घालून त्यांना डॉक्टरकडे नेलं. शेऱ्यात विमावाल्यांच्या अक्षरात नोंद आहे : ‘मालक बंद पडला. गाडी ठीक.’ पुढच्या महिन्यात ते परत आले तेव्हा आम्ही त्यांना ती नोंद दाखवली आणि ते मनापासून हसले.

२०२३ च्या पावसाळ्यात ते न्हाणीघरात पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. शेजाऱ्यांनी आवाज ऐकून दार उघडलं, रुग्णालयात नेलं, भाचीला कळवलं; शेजाऱ्यांचे उपकार मोठे. शस्त्रक्रिया झाली. आम्हाला कळलं बाराव्या दिवशी, तेही मिस्त्रीकडून, कारण त्यांची येझदी त्याच्याकडे ब्रेकच्या कामाला होती आणि ती न्यायला कुणी येईना म्हणून त्याने चौकशी केली. मधल्या अकरा दिवसांत दोन रविवार येऊन गेले होते.

आता ते भाचीकडे बदलापूरला असतात. काठी घेऊन चालतात, फोनवर आवाज खणखणीत आहे. गाडीची चौकशी दर वेळी करतात. गाडी दांड्यात कोळी मित्राच्या पडवीत, ताडपत्रीखाली आहे. त्याचा मुलगा आठवड्यातून एकदा ती चालू करतो, इंजिन जाम होऊ नये म्हणून. एकवीस वर्षांचा मुलगा आहे. बापासारखाच हातात पाना घेऊन जन्मलेला. पण त्याला येझदी चालवताना पाहिलं की त्याचे मित्र विचारतात, ही कुठून भाड्यानं आणलीस?

क्लबचं एक बचत खातंही होतं. महिन्याला माणशी दहा रुपये, पुढे पन्नास. तिघांच्या नावे, कुणाही दोघांच्या सह्या. त्यातून चहावाल्याची उधारी, पुरात तेलाचे डबे, एकदा टपरीचं छप्पर, असा खर्च व्हायचा. दोन वर्षं खातेदारानं काहीच व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं, आणि दहा वर्षं तसंच पडलं की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. मागितली तर परत मिळते, पण मागायला कुणीतरी जावं लागतं. हा नियम मी नोकरीत असताना शेकडो लोकांना काउंटरवर समजावला आहे. तिघांपैकी विमावाले २०२० मध्ये गेले. उरलो दंतवैद्य आणि मी. गेल्या महिन्यात आम्ही दोघं कागदपत्रं घेऊन शाखेत गेलो. काउंटरवरच्या मुलीनं आधार, पॅन, मृत्यूचा दाखला सगळं नीट तपासलं, सह्या जुळवल्या. दंतवैद्यांची सही आता कापते, ती दोनदा घ्यावी लागली. मग तिनं विचारलं, ‘खातं बंद करायचंय की चालू ठेवायचंय?’

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी म्हणालो, चालू ठेवा. मग निदान वर्षातून एक तरी व्यवहार करत जा सर, असं तिनं बजावलं. दंतवैद्यांनी खिशातून शंभराची नोट काढून तिथल्या तिथे भरणा केला आणि पावती मागून घेतली.

शिल्लक काही फार नाही, पण अगदी नगण्यही नाही. तिचं काय करायचं यावर एकमत झालेलं नाही. दंतवैद्य म्हणतात, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बदलापूरला जायचं, जाण्या-येण्याचा खर्च खात्यातून. कोळी मित्र म्हणतो, आधी येझदीच्या रिम क्रोम करून घेऊ, मग ती गाडीच बदलापूरला नेऊन दाखवू. रेल्वेवाल्यांना फोन केला तर ते म्हणाले, गाडी पोराला चालवू द्या, पण त्याला सांगा की कल्याणच्या पुलावरून येऊ नको, शिळफाट्यानं ये. मी नवं रजिस्टर आणलंय, रकाने आखून ठेवलेत. सौ. विचारत होती की यात बायकांची नावं कुठे लिहायची. त्यासाठी आणखी एक रकाना आखावा लागेल.